मानेतली गाठ आणि सोनोग्राफीची नजर

सोनोग्राफी म्हटलं की महाराष्ट्रात पहिल्यांदा आठवतं ते पोटातलं बाळ, आणि त्यापाठोपाठ भिंतीवरची पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गर्भलिंग निदानाला वेसण घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा. या कायद्यामुळे सोनोग्राफीच्या मशीनची सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि पाटीही लावावी लागते. त्यामुळे मानेची सोनोग्राफी करायला आलेल्या सत्तरीच्या आजोबांनाही ती पाटी वाचत बसावं लागतं. (हशा)

आज आपण त्या आजोबांच्या तपासणीकडे वळणार आहोत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणायचे, बोलताना आपण सगळे थायरॉइडच म्हणतो. या ग्रंथीत गाठी होतात. आणि सोनोग्राफीने त्या गाठी बघण्याचा जो साधारण साठ वर्षांचा इतिहास आहे, तो मला फार बोलका वाटतो. कारण यंत्राला गाठ दिसायला लागली लवकर. पण दिसलेल्या गाठीचं करायचं काय, हे माणसाला कळायला फार उशीर लागला. आणि मधल्या काळात हजारो लोकांच्या गळ्यावर सुरी फिरली.

आधी थोडं मागे जाऊ. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचं नाव घेतलं की स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर यांचं नाव येतं. आल्प्सच्या डोंगराळ भागात आयोडीनची कमतरता, त्यामुळे गलगंड घरोघरी. कोखर यांनी ही शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती 1883 ची. ज्या रुग्णांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांना कोखर यांनी परत बोलावून तपासलं. माणसं सुजलेली, मंद झालेली, थंडीने गारठणारी, आणि मुलांची वाढच खुंटलेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, जखम छान भरली होती, आणि माणूस मात्र हरवला होता. कोखर यांनी हे जगासमोर जाहीरपणे मांडलं आणि ग्रंथी पूर्ण काढणं बंद केलं. आज आपल्याकडे थायरॉइडची गोळी आहे, त्यामुळे तेवढी भीती नाही. पण गोळी जन्मभर घ्यावी लागते. शिवाय ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते आणि तिथेच कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्याशा ग्रंथी चिकटलेल्या असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कोरियात गेल्यावर लागणार आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाठ तपासायची म्हणजे बोटांनी. डॉक्टर मागे उभे राहणार, गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवणार आणि म्हणणार, आवंढा गिळा. 1950 च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन आला. अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी गळ्यावरून रेघेरेघेने सरकत जाणारं यंत्र बनवलं. जी गाठ आयोडीन ओढून घेते ती 'गरम', जी घेत नाही ती 'थंड'. कर्करोगाच्या गाठी बहुतेक थंड निघतात, म्हणून थंड गाठ दिसली की ऑपरेशन. अडचण अशी, की निरुपद्रवी गाठीही बहुतेक थंडच असतात. म्हणजे पाऊस आला की बेडूक ओरडतात, म्हणून बेडूक ओरडला की छत्री उघडायची, असा हा प्रकार झाला.

इथे ध्वनी येतो, आणि तो येतो बॉयलरच्या कारखान्यातून. ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, रडार वगैरे त्यांनी जवळून पाहिलेलं. ग्लासगोच्या परिसरात जहाजं आणि बॉयलर बनत. पोलादाच्या जोडात आत कुठे तडा आहे का, हे तिथले इंजिनिअर ध्वनिलहरी सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून ओळखत. 1955 साली डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घातल्या आणि बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीच्या कारखान्यात नेल्या. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पोलादाचं यंत्र गाठीवर टेकवलं तर पाण्याने भरलेली गाठ वेगळी आणि भरीव गाठ वेगळी उमटली! मग टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरबरोबर त्यांनी यंत्र बनवलं आणि 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. त्यातली एक स्त्री तर अशी होती की पोटाचा हाताबाहेर गेलेला कर्करोग म्हणून डॉक्टरांनी हात टेकले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखवलं की आत पाणी आहे. ती बीजांडकोशाची मोठी पाणगाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली.

'पाणी की भरीव' हाच प्रश्न थायरॉइडसाठीही पहिल्यांदा विचारला गेला. तसं पाहिलं तर सोनोग्राफीला थायरॉइडइतका सोयीचा अवयव दुसरा नाही. ध्वनीची वारंवारता जितकी जास्त, तितकं चित्र बारीक; पण तितका तो कमी खोल जातो. पोटासाठी साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झ वापरावे लागतात, तर थायरॉइड कातडीखाली अगदी वरवर असल्याने आज 10, 12, 15 मेगाहर्ट्झसुद्धा चालतात. म्हणून एक-दोन मिलिमीटरचा ठिपकाही दिसतो. याच गुणाने पुढे घात केला.

1967 साली जपानमध्ये फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 184 रुग्णांच्या थायरॉइडची ध्वनिचित्रं प्रसिद्ध केली. तेव्हा आजच्यासारखी जेल लावून फिरवायची कांडी नव्हती. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये जराशी हवा राहिली तरी ध्वनी आत जात नाही, म्हणून मध्ये पाणी भरून त्यातून ध्वनी सोडायचा. फुजिमोटो यांनी प्रतिध्वनीचे चार नमुने पाडले आणि त्यातल्या एकाला सरळ 'कर्करोगाचा नमुना' म्हटलं. गंमत म्हणजे निरुपद्रवी गाठींतल्या काही त्या नमुन्यात बसल्या आणि कर्करोगाच्या काही साध्या नमुन्यात. म्हणजे पहिल्याच निबंधात विषयाची सगळी अडचण आली होती. 1971 मध्ये अमेरिकेत मॅनफ्रेड ब्लूम यांनी आणखी साधं यंत्र वापरलं. त्यात चित्रही नसे, पडद्यावर नुसते उभे काटे. काटे नाहीत म्हणजे पाणी, काटे आहेत म्हणजे भरीव. पाण्याची गाठ निघाली की रुग्ण सुटला, हा खरा फायदा होता. पण भरीव गाठींतल्याही बहुसंख्य निरुपद्रवीच असतात, त्यांचं काय?

उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. तोवर पडद्यावर ठिपका एक तर पांढरा असायचा किंवा नसायचाच. जॉर्ज कॉसॉफ यांच्या गटाने मधल्या राखाडी छटा दाखवणारी सोनोग्राफी विकसित केली आणि 1974 मध्ये क्रॉकर आणि कॉसॉफ प्रभृतींनी लिहिलं की थायरॉइडच्या कर्करोगातून येणारे प्रतिध्वनी क्षीण, विरळ आणि विस्कळीत असतात. आजच्या रिपोर्टमध्ये 'हायपोएकोइक' हा शब्द असतो ना, तो हाच. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा गडद. असं का होतं? निरोगी थायरॉइड म्हणजे दाटीवाटीने बसलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या, प्रत्येकीत चिकट द्रव. इतके पृष्ठभाग, की ध्वनी सगळीकडून परत येतो आणि ग्रंथी उजळ दिसते. कर्करोगात या पिशव्या जाऊन नुसत्या पेशी खच्चून भरतात. परतायला पृष्ठभागच उरत नाहीत, म्हणून तो भाग काळवंडतो.

दरम्यान स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत, बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पाहण्याची पद्धत चांगली रुळली होती. 1977 मध्ये टोरांटोच्या वॉल्फिश यांनी म्हटलं की सोनोग्राफी आणि सुई एकत्र वापरा. आज आपल्याला हे इतकं उघड वाटतं! पण यामुळे ऑपरेशनचा निर्णय बोटांवरून आणि थंड-गरमवरून निघून पेशींवर आला, आणि कितीतरी लोकांचं ऑपरेशन टळलं. सोनोग्राफीच्या इतिहासातला हा चांगला भाग आहे आणि तो मी मुद्दाम सांगतोय, कारण आता जे सांगणार आहे त्यावरून कुणी सोनोग्राफीच नको असा अर्थ काढू नये.

1980 नंतर यंत्रं झपाट्याने सुधारली. हलतं चित्र आलं, वारंवारता वाढली, किंमत उतरली. आणि ज्यांच्या गळ्याला हात लावून काहीच लागत नव्हतं त्यांच्याही थायरॉइडमध्ये गाठी दिसू लागल्या. मानेच्या रक्तवाहिनीचं डॉप्लर करायला गेले, गाठ सापडली. दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला, गाठ सापडली. बोटांना शंभरात चार-सहा जणांच्या गाठी लागतात. सोनोग्राफीला त्याच्या कितीतरी पट दिसतात, काही पाहण्यांत तर निम्म्याहून अधिक लोकांमध्ये.

वैद्यकाला याचा धक्का बसायला नको होता. 1955 सालीच अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधून एक अभ्यास आला होता. हयातीत ज्यांची थायरॉइड हाताला अगदी व्यवस्थित लागत होती अशा 821 जणांच्या शवविच्छेदनात जवळजवळ निम्म्यांमध्ये गाठी निघाल्या होत्या. त्याहून मोठा इशारा 1985 चा, फिनलंडचा. हाराख आणि सहकाऱ्यांनी 101 मृतांच्या थायरॉइडचे अडीच मिलिमीटरच्या अंतराने काप केले. ही माणसं दुसऱ्याच कारणांनी गेलेली. त्यातल्या 36 जणांच्या ग्रंथीत कर्करोग होता. हो, कर्करोग. पॅपिलरी प्रकारचा, इवलासा, आयुष्यभर गप्प बसलेला. अभ्यासकांनी निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं की फिनलंडमध्ये हे 'नॉर्मल' आहे. आता हिशेब करा. प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या गळ्यात असा कण असेल आणि तुमच्या हातात तो कण दाखवणारं यंत्र आलं, तर पुढे काय होणार?

ते अमेरिकेत झालं. 1973 मध्ये लाखात 3.6 जणांना थायरॉइडचा कर्करोग सापडत होता, 2002 मध्ये 8.7 जणांना. डेव्हिस आणि वेल्च यांनी 2006 मध्ये हे आकडे मांडले आणि शेजारी दुसरी रेघ काढली, मृत्यूची. ती लाखात अर्ध्याच्या आसपास, जिथल्या तिथे. रोग खरोखर वाढला असता तर मृत्यू तरी वाढले असते. वेळेवर पकडून लोक वाचत असते तर मृत्यू घटले असते. दोन्ही झालं नाही.

पण ही गोष्ट सगळ्यात उघडी पडली दक्षिण कोरियात. 1999 मध्ये तिथल्या सरकारने कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड त्यात नव्हती. पण रुग्णालयं म्हणू लागली, आलाच आहात तर तीस ते पन्नास डॉलरमध्ये मानेची सोनोग्राफीही करून घ्या. लोकांनी करून घेतली. 2011 मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं होतं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर निदानं, आणि तो देशातला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग ठरला! मृत्यूची रेघ? तिथेच. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांची शस्त्रक्रिया झाली, त्यातल्या दोनतृतीयांश लोकांची ग्रंथी पूर्ण काढली. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टी आता आठवा: विम्याच्या नोंदींनुसार 11 टक्क्यांच्या कॅल्शियमच्या ग्रंथी कामातून गेल्या आणि 2 टक्क्यांची स्वरतंतूची नस लुळी पडली. म्हणजे तपासणीला गेली तेव्हा ठणठणीत असलेली बाई परत आली ती बसलेला आवाज, हातापायांना मुंग्या आणि जन्मभराची गोळी घेऊन. आणि वर तिला वाटतंय, मी वाचले! हे मला यातलं सगळ्यात अवघड वाटतं. ज्याचं नुकसान झालं तोच माणूस तपासणीचा सगळ्यात मोठा समर्थक होतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

2014 मध्ये कोरियातल्याच आठ डॉक्टरांनी जनतेला उघड पत्र लिहिलं की लक्षणं नसताना थायरॉइडची सोनोग्राफी करू नका. वर्तमानपत्रांनी ते उचललं. वर्षभरात शस्त्रक्रिया 35 टक्क्यांनी घटल्या. इतक्या पटकन बदललेली वैद्यकीय सवय मला दुसरी आठवत नाही. 2017 मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये असंच सांगितलं. ज्यांना लहानपणी मानेला किरणोत्सर्ग झालाय किंवा ज्यांच्या घरात हा रोग आहे त्यांची गोष्ट वेगळी.

किरणोत्सर्गावरून फुकुशिमा आठवणारच. 2011 च्या अपघातानंतर तिथल्या सुमारे तीन लाख मुलामुलींची थायरॉइड सोनोग्राफीने तपासली. पहिल्याच फेरीत शंभराहून अधिक निश्चित किंवा संशयित कर्करोग निघाले आणि पालक हादरले. त्यांची भीती अगदी खरी होती, चेर्नोबिलच्या मुलांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. पण तिथले कर्करोग वाढू लागायला अपघातानंतर चारेक वर्षं गेली होती, आणि फुकुशिमात मुलांना मिळालेली मात्राही पुष्कळ कमी होती. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने पुढे हाच निष्कर्ष काढला, की वाढ दिसते ती बारीक तपासणीमुळे. पण एखाद्या आईला हे कसं पटवणार? तिच्यासाठी गाठ गाठच असते.

तोडगा मात्र जपानमध्येच वीस वर्षं आधी सुरू झाला होता. कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये अकिरा मियाउची यांनी 1993 पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे, कमी धोक्याचे कर्करोग लगेच न काढता नुसते सोनोग्राफीने पाहत राहायला सुरुवात केली. सुईने सिद्ध झालेला कर्करोग, आणि डॉक्टर म्हणतात पुढच्या तपासणीला या! धाडसच ते. 2014 मध्ये 1,235 रुग्णांचा हिशेब आला: दहा वर्षांत आठेक टक्के गाठी 3 मिलिमीटर किंवा जास्त वाढल्या, चार टक्क्यांहून कमी जणांच्या मानेच्या लसिका ग्रंथींत रोग दिसला, आणि थायरॉइडच्या कर्करोगाने त्यांतलं कुणी दगावलं नाही. ज्या यंत्राने घोटाळा केला तेच यंत्र इथे राखण करायला बसलं.

आता राहिला प्रश्न की सुई कुणाला टोचायची. 2002 मध्ये कोरियाच्या किम आणि सहकाऱ्यांनी एक साधी खूण ठळकपणे मांडली: गाठ रुंदीपेक्षा उंच आहे का? निरुपद्रवी गाठ ग्रंथीच्या थरांच्या कलाने आडवी पसरते, कर्करोगाची थर ओलांडून उभी वाढते. मग 2009 मध्ये चिलीतल्या होर्वाथ यांनी स्तनाच्या तपासणीतली वर्गवारी थायरॉइडला लावली आणि टाय-रॅड्स हे नाव दिलं. 2017 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने त्याला गुण दिले. गाठ भरीव असेल तर 2, गडद असेल तर 2, फारच गडद तर 3, उंच असेल तर 3, कडा वेड्यावाकड्या तर 2, आत टाचणीच्या टोकासारखे चमकणारे ठिपके तर 3. बेरीज करायची आणि वर्ग ठरवायचा. सात किंवा जास्त झाली की टीआर 5, तिथे एक सेंटिमीटरला सुई. टीआर 4 ला दीड, टीआर 3 ला अडीच. त्याच्या खालच्यांना सुईच नाही. म्हणजे संशय जितका कमी, तितकी मोठी गाठ सोडून द्यायची. दिसलेल्या गोष्टीकडे मुद्दाम काणाडोळा करायचा नियम वैद्यकात फार क्वचित लिहिला जातो, म्हणून मला या तक्त्याचं कौतुक आहे. त्यात उणिवा आहेतच. फॉलिक्युलर नावाचा कर्करोग गुळगुळीत आणि सोज्वळ दिसतो, सुईलाही फसवतो. आणि एकाच गाठीला दोन रेडिऑलॉजिस्ट वेगळे गुण देऊ शकतात.

आपल्याकडचं थोडक्यात. 1956 मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग सुरू केला, तेव्हा प्रश्न उलटा होता. गलगंड रस्त्यावरून चालतानाही दिसायचा, त्याला यंत्र लागत नव्हतं. आज केरळच्या काही जिल्ह्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, थायरॉइडच्या कर्करोगाची नोंद देशात उठून दिसते, आणि अभ्यासकांना त्यातला बराच भाग जास्त तपासण्यांचा वाटतो. शहरांमधली हेल्थ चेकअपची पॅकेजं पाहिली की कोरियातलं ते 'आलाच आहात तर' हटकून आठवतं.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचून थांबतो. एका ताईंनी लिहिलंय: 'माझ्या रिपोर्टमध्ये टीआर 3, 1.8 सेंटिमीटर आहे. डॉक्टर सुई नको म्हणाले. मी दुसरीकडे जाऊन करून घेऊ का?' ताई, तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण मघाच्या तक्त्यात तुमची गाठ अडीचच्या आत बसते, म्हणजे सुई नाही. आणि दीडच्या वर आहे म्हणून एक, तीन आणि पाच वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. तेव्हा रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा, शक्यतो त्याच सेंटरला जा. गाठ वाढली असं म्हणायला दोन मापांत किमान वीस टक्के आणि किमान दोन मिलिमीटर फरक लागतो. 1.8 चं 1.9 झालं तर ते बहुधा मोजणाऱ्याच्या हातातलं आहे.